लॉराची सीट जुन्या ऑक्टाव्हियात बसेल का?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझा जालन्याचा मावसभाऊ छोटा टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. टेम्पोत गोधडीत गुंडाळलेल्या दोन सीटा. स्कोडा लॉराच्या, म्हणजे ऑक्टाव्हियाच्याच पुढच्या पिढीच्या, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून उचललेल्या. काळं कापड, लाल दोऱ्याची शिवण, मांडीला आणि बरगड्यांना दोन्हीकडून धरणारे उंच काठ. त्याची स्वतःची गाडी २००६ची ऑक्टाव्हिया, डिझेल.

"दादा, ही पण स्कोडा, ती पण स्कोडा. दोन्ही आपल्या शेंद्र्यात जोडलेल्या. चार बोल्ट काढायचे, चार लावायचे. जेवायच्या आत होतंय बघ."

जेवण झालं, चहा झाला, दिवेलागण झाली, तरी सीटा टेम्पोतच होत्या.

संभाजीनगरजवळच्या वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बारा वर्षं काढली. त्यामुळे नात्यागोत्यात मी 'गाडीतलं कळणारा' ठरलोय, आणि नव्या गाडीची सीट जुन्या गाडीत बसवायचा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी घेऊन येतंच. कुणाकडे झेन असते, कुणाकडे पॅलिओ, कुणाकडे जिप्सी. सगळ्यांचा समज एकच असतो: सीट म्हणजे गादी, आणि गादी बदलायला काय लागतं? मी प्रत्येकाला सांगतो की गादी हा सीटचा सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे. खाली जे लोखंड असतं, आणि ते लोखंड गाडीच्या तळाला जसं धरलेलं असतं, ती खरी सीट.

आधी हौसेबद्दल. स्पोर्ट सीटचं काम माणसाला वळणावर जागेवर ठेवायचं. साध्या सीटवर गाडी डावीकडे वळली की आपण उजवीकडे घसरतो, मग स्टेअरिंगला लोंबकळून तोल सांभाळतो. काठ उंच असले की ते काम सीट करते आणि हात फक्त गाडी वळवायला मोकळे राहतात. जर्मनीतल्या रेकारोचं नाव यात सगळ्यात जुनं. रॉयटर नावाचा गाड्यांची बॉडी बनवणारा कारखाना होता. १९६३ मध्ये बॉडीचं काम पोर्शकडे गेलं आणि सीटांचं उरलं, तेव्हा रॉयटर आणि करोसेरी या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून रेकारो हे नाव तयार झालं. पुढे-मागे पाठ झुकवता येते ती रोजच्या वापराची स्पोर्ट सीट. टोपल्यासारखी एकसंध, पाठ न झुकणारी ती शर्यतीची बकेट सीट. दुसरी गावातल्या गाडीत घालायच्या भानगडीत पडू नये, कारण पुढे येईलच.

आता ही हौस उठते कुठून? माझ्या भावाच्या बाबतीत उत्तर सोपं होतं. समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालन्याच्या माणसाला १२०च्या वेगाने नागपूर गाठायची सवय लागली. वीस वर्षांची गाडी, तिच्या सीटचा फोम बसलेला, कंबर धरायला लागली. खरं सांगायचं तर अशा दुखण्यांपैकी निम्म्यांना नवी सीट नकोच असते. कुशनवाल्याकडे जाऊन जुन्या सीटचा फोम बदलला, खालच्या तारांची जाळी ताणून घेतली, पाठीच्या खालच्या भागात थोडा भराव टाकला की कंबर गप्प बसते. मी भावाला हे त्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला लग्नात वरणभातावर भागव म्हणालो.

सीट काय धरून ठेवते?

पन्नासच्या वेगातली गाडी समोर आदळली आणि पुढचा भाग चेपत चेपत अर्ध्या मीटरमध्ये थांबली, असं समजा. गणित केलं तर आतल्या माणसाला साधारण २० जी, म्हणजे त्याच्या वजनाच्या वीसपट झटका बसतो. ७५ किलोचा माणूस त्या क्षणी दीड टनाचा होतो. २० किलोची सीट स्वतःच ४०० किलोची होते. म्हणूनच सीटच्या मजबुतीचा जो संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे, क्रमांक १७, त्यात सीटला पुढे आणि मागे किमान २० जीचा झटका देऊन बघतात. रेल, म्हणजे सीट पुढे-मागे सरकते ती पट्टी, उखडली नाही आणि लॉक सुटलं नाही तर सीट पास.

पण माणूस तर बेल्टने धरलेला असतो, सीटला कशाला एवढा भार, असं कुणीही विचारेल. इथेच खरी मेख आहे. मारुती ८००सारख्या जुन्या गाड्यांत बेल्टचं बक्कल, म्हणजे ज्यात जीभ टचकन बसते ते, तळातून वर आलेल्या दांड्यावर असायचं. तळाला बोल्ट, तळाचा भार. सीट त्यातून मोकळी. नंतरच्या गाड्यांत बक्कल सीटच्याच सांगाड्याला लावायला लागले. फायदा मोठा होता: सीट पुढे-मागे केली तरी बक्कल सोबत सरकतं, बेल्ट कमरेवर नेमका बसतो. बदल्यात बेल्टचा ओढा सीटमधून, सीटच्या रेलमधून आणि रेलच्या बोल्टमधून तळात जायला लागला.

हा ओढा किती, तेही नियमात आहे. बेल्टच्या टेकूंची, म्हणजे बेल्ट जिथे पक्का धरलेला असतो त्या जागांची, चाचणी होते ती संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १४ प्रमाणे. त्यात खांद्याच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन आणि कमरेच्या पट्ट्यावर तेवढंच बल एकाच वेळी लावतात. दोन्ही मिळून पावणेतीन टन, म्हणजे दोन ऑक्टाव्हिया एकावर एक टांगल्यासारखं. बेल्टचं टोक सीटला असेल तर सीटच्या वजनाच्या वीसपट बल वेगळं. हे सगळं बल चारही बोल्टवर सारखं वाटलं जात नाही. माणूस पुढे आणि वर झेपावतो, सीट नाकावर कलंडू पाहते, पुढचे दोन बोल्ट दाबले जातात आणि मागचे दोन उपटले जाऊ लागतात. बक्कल आतल्या बाजूला असतं, म्हणून आतला मागचा बोल्ट सगळ्यात जास्त भोगतो. गीअरच्या बाजूचा, मागच्या प्रवाशाच्या पायाशी, गालिच्याखाली दडलेला. फिटरच्या हाताला सगळ्यात अवघड जागा तीच, आणि पाना नीट फिरत नाही म्हणून 'एवढं चालतंय' म्हणून अर्धवट सोडला जातो तोही तोच.

बोल्ट स्वतः सहसा तुटत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. पहिल्या ८चा अर्थ, तुटेपर्यंत दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण. पॉइंटनंतरच्या ८चा अर्थ, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबत नाही. १० मिलिमीटरचा असा एक बोल्ट सरळ ओढला तर साडेचार टनांच्या पुढे जाऊन तुटतो. डोक्यावर काहीच न लिहिलेला, किलोवर मिळणारा बोल्ट बहुधा याच्या निम्म्या ताकदीचा. पण ८.८ लावूनही कमजोर कडी उरतेच, ती म्हणजे पत्रा. गाडीच्या तळाचा पत्रा एक मिलिमीटरच्याही आत असतो. कंपनी जिथे सीटचा बोल्ट देते तिथे पत्र्याखाली जाड पट्टी आणि आडवी तुळई असते. तुम्ही पाच सेंटिमीटर बाजूला नवं भोक पाडलं की खाली नुसता पत्रा. वायसरसकट बोल्ट त्यातून असा निघतो, जसं कागदातून बटण.

मोटार शर्यतींची जागतिक संस्था एफआयए, तिचे आकडे इथे उपयोगी पडतात, कारण शर्यतवाल्यांना सीटा बदलाव्याच लागतात. थेट तळाला सीट बसवायची तर त्यांच्याकडे प्रत्येक सीटला किमान चार टेकू, किमान ८ मिलिमीटरचे बोल्ट, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने किमान ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, आणि प्रत्येक टेकूपाशी किमान ४० चौरस सेंटिमीटरचा स्पर्श लागतो. ४० चौरस सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेसहा बाय साडेसहाचा चौकोन. १० मिलिमीटरच्या बोल्टच्या साध्या वायसरचं सगळं वर्तुळ धरलं तरी ते ३ चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. ४० कुठे आणि ३ कुठे!

तळ बघताना गालिचा उचलाच. आपल्याकडे हवा कोरडी, कोकणातल्या गाडीसारखा तळ भाकरीच्या पापुद्र्यासारखा झालेला नसतो. पण एसीच्या पाण्याची नळी धुळीने तुंबते, पाणी आत गालिच्याखाली मुरतं आणि डावीकडच्या सीटखालचा पत्रा गुपचूप कुजतो. वरून गाडी चकाचक.

एकाच कंपनीची, तरी जुळेना

आता त्या रविवारची गोष्ट. भावाचा 'चार बोल्ट'वाला हिशोब पहिल्या दहा मिनिटांतच मोडला, कारण जुन्या ऑक्टाव्हियाच्या सीटला चार बोल्ट नसतातच.

स्कोडा ज्या फोक्सवॅगन समूहातली आहे, तिथे एकाच सांगाड्यावर अनेक गाड्या बांधतात. पहिली ऑक्टाव्हिया ज्यावर उभी आहे तो पीक्यू ३४. त्याच्यावर चौथ्या पिढीची गोल्फ, पहिली ऑडी ए३, पहिली टीटी आणि न्यू बीटलही होती. या घराण्यात सीटच्या रेल गाडीच्या तळालाच पक्क्या असतात. सीटखाली सरकणारे पाय असतात आणि मधोमध लॉकचा कणा. सीट काढायची तर रेलच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी काढायची, मधलं लॉक सोडवायचं आणि सीट मागे ओढून बाहेर घ्यायची, कपाटाचा खण काढतात तशी. लॉरा मात्र पुढच्या घराण्यातली, पीक्यू ३५. तिच्यात रेल सीटचाच भाग, आणि रेलची चार टोकं चार बोल्टने तळाला. जुन्या गाडीत खण, नव्या गाडीत स्टूल. खणाच्या जागी स्टूल ठेवायचं तर खालची चौकटच वेगळी लागते.

अशा वेळी लोक तीन वाटा काढतात. पहिली वाट वेल्डिंगची: लॉराच्या सीटची रेल कापायची आणि ऑक्टाव्हियाचे पाय तिला जोडायचे. चिकलठाण्याला एक उस्ताद आहेत, जुन्या शहरातले, मी त्यांच्याकडे वीस वर्षं जातोय. भावाने त्यांच्यापुढे ही कल्पना मांडली. त्यांनी रेल हातात घेतली, उलटीपालटी केली, अंगठ्याने दात चाचपले आणि म्हणाले, "वेल्डिंग नक्को साब. ताकत जाती इसकी." एका वाक्यात त्यांनी धातुशास्त्र सांगितलं. रेल आणि पाठ झुकवण्याची दातेरी चकती, दोन्ही जास्त ताकदीच्या पोलादाच्या. ती ताकद कारखान्यात ठरावीक तापमान देऊन आणलेली असते. टाका मारला की टाक्याशेजारचा भाग तापून नरम पडतो किंवा वेडावाकडा निवून ठिसूळ होतो. टाका शाबूत राहतो, बाजूचं तुटतं. शिवाय उष्णतेने रेल केसभर वाकली तरी लॉक पूर्ण बसत नाही. एका बाजूची रेल लॉक झाली आणि दुसरी नाही, असं झालं तर रोज चालवताना कळतही नाही. जोरात ब्रेक मारला की सीट तिरपी होते, तेव्हा कळतं.

दुसरी वाट अडॅप्टरची. जाड पत्र्याची किंवा चॅनलची चौकट बनवायची. तिची खालची भोकं गाडीच्या मूळ मजबूत जागांवर, वरची भोकं नव्या सीटच्या मापावर. चार बोल्टवाल्या गाडीत दुसरी चार बोल्टवाली सीट टाकायची असेल तर ही वाट चालण्यासारखी आहे, आणि त्यासाठी आपल्या भागात सोय उत्तम आहे. वाळूजला लेझर कटिंगवाले ड्रॉइंग दिलं की ५ मिलिमीटरची पट्टी अचूक भोकांसकट कापून देतात. जालना तर लोखंडाचंच गाव. पण माप घेताना लोक फक्त लांबी-रुंदी घेतात आणि उंची विसरतात. बऱ्याच गाड्यांत आतल्या आणि बाहेरच्या बोल्टची उंची वेगळी असते, एकीकडे गीअरचा बोगदा आणि दुसरीकडे दाराचा उंबरा असतो ना. सपाट चौकट टाकली की सीट एका अंगाला झुकते, आणि नागपूरला पोहोचेस्तोवर पाठीचा कणा त्याचा हिशोब मागतो.

उंचीचा दुसरा त्रास असा. अडॅप्टरमुळे सीट दोन-तीन सेंटिमीटर वर गेली तर फरक नुसता डोकं छताला टेकण्याचा नसतो. कमरेचा सांधा जिथे येतो तो बिंदू धरून कंपनीने गाडीतलं सगळं आखलेलं असतं: आरसे, पेडलचा कोन, बेल्ट खांद्यावरून कुठून जाणार, एअरबॅग छातीवर कुठे आदळणार. बिंदू हलला की सगळं थोडं थोडं हलतं. शिवाय चौकट जितकी उंच तितका मागच्या बोल्टवर उपटण्याचा जोर जास्त, लांब दांड्याच्या पहारीसारखा. म्हणून बसवून झाल्यावर स्टेअरिंगच्या मधापासून छातीच्या हाडापर्यंत टेप लावून बघा. किमान २५ सेंटिमीटर हवेत. पोट मध्ये येत असेल तर तो दोष सीटचा नाही.

तिसरी वाट सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात बरी. आपल्याच गाडीच्या घराण्यातली सीट शोधायची. जुन्या ऑक्टाव्हियाचं व्हीआरएस हे जोरकस रूप भारतातही विकलं गेलं होतं. त्याच्या स्पोर्ट सीटा साध्या ऑक्टाव्हियाच्या रेलमध्ये सरळ सरकतात. कापणं नाही, भोक नाही, बक्कल जागच्या जागी. फक्त त्या 'नव्या' नाहीत. भावाचा चेहरा तिथेच पडला. त्याला लॉराच्या शिवणीची भूल पडली होती.

आणि बकेट सीट का नको म्हणालो? ती चार-पाच पट्ट्यांच्या हार्नेससाठी बनवलेली असते. तिच्यात साधा तीन टेकूंचा बेल्ट घातला तर काठ एवढे उंच असतात की कमरेचा पट्टा हाडावर न बसता काठावरून पोटावर चढतो. आदळल्यावर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो, आणि पट्टा आतड्यात रुततो. चांगल्या सीटच्या बैठकीत पुढे मांडीखाली एक आडवा चढ असतो, तो ही घसरगुंडी अडवायलाच. मग हार्नेसच लावू म्हणाल, तर घट्ट हार्नेस माणसाला सरळ बसवून ठेवतो. गाडी उलटली आणि छत दबलं तर बाजूला व्हायला जागा नाही. म्हणून शर्यतीच्या गाडीत हार्नेससोबत पोलादी पिंजरा असतो. तुमच्या गाडीत तो नाही. शिवाय एफआयएच्या साध्या मानकाच्या बकेट सीटांना बनवल्यापासून पाच वर्षांचीच मुदत असते, आणि बाजारात स्वस्तात मिळतात त्या बहुधा मुदत संपलेल्याच.

पिवळं कनेक्टर

सीट उलटी केली की खाली तारांचा झुबका दिसतो. त्यातलं पिवळं कनेक्टर एअरबॅगचं. गेल्या वीस वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत बरगड्यांसाठीची एअरबॅग सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला शिवलेली असते. बाहेर छोटी चिठ्ठी असते. एअरबॅग फुटते तेव्हा शिवण फाडून बाहेर येते, आणि ती शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याची असते. कुशनवाल्याने हौसेने तिथे मजबूत दुहेरी टाके मारले की एअरबॅगचा दरवाजाच शिवला गेला. सीट कव्हर घालतानाही हेच.

नवी सीट जुन्या गाडीत आणली की दोनपैकी एक होतं. जुन्या गाडीत बाजूची एअरबॅग नसेलच तर ती सीटमधली एअरबॅग मुकी राहते. दिवा लागत नाही, कारण गाडीचा कॉम्प्युटर तिला शोधतच नाही. जुन्या गाडीत ती असेल आणि नवी सीट जुळत नसेल तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटतो. मग कुणीतरी सांगतो, दोन-तीन ओहमचा एक रेझिस्टर लाव, दिवा विझतो. विझतो खरा. एअरबॅग पेटवणाऱ्या बारीक तारेची वळकटी साधारण तेवढ्याच ओहमची असते, म्हणून कॉम्प्युटरला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. धडक झाल्यावर तो रेझिस्टरला हुकूम देतो. दिवा विझवणं म्हणजे तापमापक बर्फात बुडवून ताप उतरला म्हणणं. यापेक्षा दिवा पेटलेला बरा, निदान खरं तरी बोलतो.

तारांना हात लावण्याआधी बॅटरीचं ऋण टोक काढा आणि थोडा वेळ थांबा, कॉम्प्युटरमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. एअरबॅगला साधा मल्टीमीटर कधीही लावू नका. मीटर ओहम मोजताना स्वतः थोडी वीज सोडतो, आणि एअरबॅग पेटायला फार वीज लागत नाही. कनेक्टर काढलं की त्याच्या आत एक छोटी पट्टी दोन्ही टोकं आपसांत जोडून टाकते, अंगावरच्या स्थिर विजेने ठिणगी पडू नये म्हणून. ती पट्टी वाकवू नका. आपल्याकडे हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत दाराला हात लावला तरी चटका बसतो, त्यामुळे काम सुरू करताना एकदा गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावलेला चांगला.

बाकी तारांचं थोडक्यात. विजेवर सरकणारी सीट असेल तर तिला जाड तार, स्वतंत्र फ्यूज हवा. लायटरच्या सॉकेटमधून तोडून घेतलेली तार वितळते. नव्या गाड्यांच्या मेमरी सीटा गाडीच्या नेटवर्कवरून हुकूम मिळाल्याशिवाय हलतच नाहीत. हाताने ओढायचा दांडा असलेली सीट मिळाली तर देवाचे आभार माना. आणि सीट गरम करायच्या तारा निघाल्या तर टेप लावून बंद करा. मराठवाड्यात सीट तापवायला वीज लागत नाही, मे महिना लागतो. ४२ अंशांत उन्हात उभ्या गाडीतल्या काळ्या चामड्यावर बसून बघितलेल्या माणसाने स्पोर्ट सीट कापडीच घ्यावी, हे माझं ठाम मत.

परदेशी गाडीच्या सीटा घेत असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. डावीकडे स्टेअरिंग असलेल्या देशात चालकाची सीट डावी. आपल्याकडे तीच डावी सीट शेजाऱ्याची. उंची कमी-जास्त करायचा दांडा मग बायकोकडे जातो, आणि शेजारी कुणी बसलंय का हे ओळखणारी चकती तुमच्या बुडाखाली येते. अदलाबदल करता येत नाही, कारण दांडे नेहमी दाराच्या बाजूला हवेत. तीन दारांच्या गाडीची सीट असेल तर पाठ पुढे पाडायची खिटी असते, ती चार दारांच्या गाडीत निव्वळ अडगळ.

भंगारातली सीट घेताना शिवणीकडे नंतर बघा. आधी तिच्या पाठीची दाराकडची बाजू बघा, एअरबॅग फुटलेली शिवण पुन्हा शिवलेली आहे का. रेलच्या दातांत वाळलेला गाळ, तारांवर गंज, फोमला कुबट वास असेल तर ती पुरातली गाडी. पाठीला दोन्ही कोपऱ्यांत धरून पिळून बघा. एक कोपरा पुढे येत असेल तर सांगाडा मुडपलाय. तो स्वस्तातही घेऊ नका.

आरटीओ काय म्हणेल?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी पुस्तकात कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर कडक निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीटच्या जागी सीट बसवली, आसनसंख्या पुस्तकात आहे तेवढीच राहिली, तर सहसा कुणी गाडी अडवत नाही. मागची सीट काढून पुढे दोन बकेट टाकल्या की पाचाचे दोन झाले, मग सुटका नाही. माझं सांगणं एवढंच, की करण्याआधी आरटीओत तोंडी न विचारता लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही कळवा. पंधरा वर्षांपुढची खासगी गाडी दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीला न्यावी लागते. तेव्हा निरीक्षक गाडीत डोकावतोच. तळात नवी भोकं आणि घरगुती वेल्डिंग दिसली तर तुमची हौस त्याला समजावून सांगत बसावं लागतं.

आणि घरच्यांना विसरू नका. उंच काठाची सीट पंचविशीतल्या पोराला मिठी मारते, पण गुडघे गेलेल्या आजीला त्या काठावरून उतरताना दोन माणसं लागतात. नऊवारी नेसलेल्या बाईला तर विचारूच नका. माझ्या मावशीने टेम्पोतल्या सीटवर एकदा बसून बघितलं आणि जाहीर केलं, "मी बसनं जाईन."

शेवटी भावाने ऐकलं, अर्धवट. जुन्या सीटांचा फोम कुशनवाल्याकडून भरून घेतला, रेल साफ करून ग्रीस लावलं, मागचे बोल्ट टॉर्क पान्याने कसले. जुन्या व्हीआरएसच्या सीटांचा शोध अजून चालू आहे. रात्री अकराला कुणाच्या तरी जाहिरातीचा फोटो येतो, 'दादा, ही बघ.' मी पाठीची कड मोठी करून बघतो आणि नाही म्हणतो.

लॉराच्या दोनपैकी एका सीटमधली एअरबॅग सर्व्हिस सेंटरच्या माणसाकडून रीतसर काढून घेतली. ती सीट आता जालन्यात काकांच्या दुकानात आहे. खाली चॅनलचं स्टँड, पायांना रबर. काका दुपारी पाठ मागे झुकवून तिच्यावर पेपर वाचतात आणि गिऱ्हाईक आलं तरी लवकर उठत नाहीत. स्टँड चिकलठाण्याच्या उस्तादांनीच बनवलं. या वेळी वेल्डिंगला ते नक्को म्हणाले नाहीत.